ओढ्याकाठची तुझी झाडं

नवदरा,
१२ सप्टेंबर

प्रिय नेकबख्तदादा,

तुझा खोकला गेला असेल आणि तिकडची थंडी सुरू व्हायच्या आत तू जाड कोट घेतला असशील, असं धरून लिहायला बसले आहे. इकडे सगळे बरे आहेत. बटाटे काढायला सुरुवात झाली. काळ्या गाईला कालवड झाली, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. आई अजूनही सकाळी दुधाचा खारट शीरचाय ओतताना तुझा वाडगा काढते आणि परत ठेवते.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन आला की आई तो सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावते, बाबा कानामागे हात धरून बसतात आणि मुबोरककाका कुंपणापलीकडून मध्येच उत्तरं देतात. त्या जत्रेत मला हवं ते बोलता येत नाही. काकांचे जावई शुक्रवारी तुझ्या येकातेरिनबुर्गला निघालेत. त्यांच्या हाती हे देते.

आधी माझ्या कामाचं सांगते. खोरोगच्या कार्यालयाने मला या उन्हाळ्यात आपल्याच ओढ्यावर नेमलं. पाणी वर्षागणिक गरम का होतंय आणि ट्राउट मासे कमी का होतायत, ते शोधायचं. पहिल्याच दिवशी मुबोरककाका काठावर येऊन म्हणाले, "एवढी शिकून आलीस आणि पाण्याला थर्मामीटर लावून बसलीस? आता ओढ्याला गोळी देणार का सुई?" मी म्हटलं, "काका, आधी दुखणं कळू द्या." तर म्हणतात, "दुखणं मी सांगतो. त्याचं लग्न झालेलं नाही." आणि स्वतःच हसत बसले.

दुखणं एक नाही, दादा. वरच्या उतारावरचं बर्फ पूर्वी जवाची कापणी होईपर्यंत टिकायचं, आठवतं ना? आता जुलै उजाडतो तेव्हा तिथे नुसते दगड असतात. म्हणजे ऐन उन्हात ओढ्यात पाणी थोडं. त्यातलं निम्मं पाटाने शेतात जातं. उरलेलं पातळ, संथ पाणी दगडांवरून सरकतं आणि दुपारपर्यंत तापतं. या ट्राउटला, आपल्या गुलमाहीला, गारच पाणी लागतं, कारण गार पाण्यात श्वासासाठी प्राणवायू जास्त मावतो. पाणी तापलं की ती पाण्यात असूनही गुदमरते.

झऱ्याच्या तोंडाशी पाणी हिवाळा-उन्हाळा आठ अंशांवर असतं. तुझ्या पॉपलरच्या झाडांच्या सावलीतून ते आपल्या शेताच्या टोकाला येतं तेव्हा फार तर अकरा. पुढे काकांच्या हद्दीतून बाहेर पडतं तेव्हा ऑगस्टातल्या दुपारी एकोणीस! मध्ये फक्त एक वाकण आहे. मला यंत्रच बिघडलं असं वाटलं. मग मान वर केली आणि पाहिलं, की काकांच्या काठावर सावलीच नाही. त्यांच्या मुलाच्या, शोदीच्या, लग्नाच्या दोन वर्षं आधी त्यांनी त्याची सगळी झाडं पाडली होती, घरासाठी. त्यांचं काय चुकलं? मुलगा झाला की बापाने पॉपलर लावायचे आणि तो लग्नाचा झाला की त्यांचेच खांब-तुळया करायच्या, हे आपण सगळेच करत आलो. लावायचे मात्र पाण्याच्या काठी, कारण ते तिथेच भरभर वाढतात. पूर्वी एकाची झाडं पडली की दुसऱ्याची उभी असायची. आता अर्ध्या घरांनी नवी झाडं लावणंच सोडलंय, मुलं रशियात म्हणून.

पुलाखालच्या डोहात आपण दगडाखाली हात घालून मासे धरायचो, तिथे या उन्हाळ्यात एकही दिसला नाही. सगळे वर सरकलेत. तुझ्या झाडांखालच्या त्या छोट्याशा डोहात दाटीवाटीने प्रवाहाकडे तोंडं करून उभे असतात. ओढ्यात त्यांना आता तेवढीच जागा उरली आहे.

आणि बाबा ती झाडं पाडणार आहेत.

पानं गळली की लगेच. दर झाडावर त्यांनी चुन्याची खूण केली आहे. मागच्या आठवड्यात मला बरोबर घेऊन गेले, एकेका खोडावर थाप मारत म्हणाले, "हे घराच्या पाच खांबांपैकी एक. ही मधली तुळई. आणि हे बघ, वाढायचं विसरूनच गेलं, अगदी तुझ्या भावासारखं वेंधळं."

मी त्यांना सगळं समजावलं. बर्फ मला परत आणता येत नाही. पाट बंद करा, असं बटाटेवाल्यांना सांगता येत नाही. आपल्या हातात सावलीच काय ती आहे, असं मी म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पोराने माशांसाठी उघड्यावर झोपायचं?"

आई म्हणाली, "अहो, पोरगी काय म्हणते ते ऐका तरी. एक वर्ष थांबलं तर काय बिघडलं?"

"लाकूड वाळायला दोन हिवाळे लागतात," बाबा म्हणाले. "आत्ता पाडलं तर तो येईल तेव्हा तयार असेल. तो आल्यावर पाडलं, तर तो वाट बघत बसणार आहे का? जाईल परत."

यावर मी गप्प झाले. मी का गप्प झाले, ते तुला कळेल.

वसंतात मी खोरोगला असताना तू मला फोनवर जे सांगितलंस, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. रायसाचं नाव या घरात मी उच्चारलेलं नाही. तुमचं बाळ आता महिन्या-दोन महिन्यांत येईल ना? मी इथे एकटीच आत्या होऊन फिरते आहे, आणि आनंद होतो तोही कुणाला दाखवता येत नाही. तुझा राग नाही आला मला. तिथे तुझं घर झालं, माणूस भेटलं, चांगलंच झालं. पण बाबा ओढ्याकाठी एका घराची लांबी-रुंदी पावलांनी मोजत असतात आणि मी शेजारी उभी राहून ऐकते, हे आता माझ्याने होत नाही.

मनात एक भीती आहे, तीही सांगते. हे मी माशांसाठी लिहितेय की बाबांसाठी? कार्यालयात अहवाल द्यायचा म्हणून तुझ्या गुपितावर हात टाकतेय का? पुष्कळ विचार केला. दोन्ही आहे, दादा. वेगळं करता आलं नाही.

मुलींच्या जन्माला आपल्याकडे झाडं लावत नाहीत. त्यामुळे "ही माझी, यांना हात लावू नका" असं म्हणायचा हक्क मला नाही. तो एकट्या तुला आहे. तुझा शब्द आला तर बाबा कुऱ्हाड उचलणार नाहीत.

तू खरंच येणार असशील, तर तसं लिही. मग झाडं पडू देत. मी स्वतः साली सोलायला बसेन आणि माशांबद्दल एक अक्षर काढणार नाही. घर माणसासाठीच असतं, एवढं मलाही कळतं. पण येणार नसशील, तर त्यांना ते तू सांग. रायसाचं सांग, बाळाचं सांग. ते रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, आई तुला शिव्या घालेल आणि मग बाळाचे मोजे विणायला घेईल. तुला काय वाटतं, त्यांना झेपणार नाही? कुणीही येणार नाही अशा घराचे खांब वाळताना बघणं त्याहून कठीण आहे.

पानं पिवळी पडायला लागली आहेत.

उत्तर मला पाठवू नकोस. बाबांच्या नावाने पाठव, तुझ्या हाताने लिहिलेलं. मी ते उघडणार नाही, त्यांच्या हातात देईन आणि ते वाचत असताना शेजारी बसेन.

तुझी,
सवसन