लेफ्ट कॉर्नरचा हात

११ नोव्हेंबर २०२५

दोषी!

एक वर्ष कैद आणि दंड. वर लगेच जामीन, कारण अपील करायचंय. म्हणजे आत गेलाच नाही. असो. दोषी तो दोषी.

वाटलं होतं, हा शब्द ऐकला की मी रडेन. रडू आलंच नाही. भूक लागली. समोरच्या हॉटेलात एकटीने मिसळ खाल्ली, दोनदा रस्सा मागून घेतला.

खाऊन परत आले तर कोर्टाच्या पायऱ्यांपाशी मंडळाची पोरं जमलेली. हिरामण सर खाली उतरले — कबड्डीचे नामवंत प्रशिक्षक, आणि कागदावर अजून माझा नवरा! पोरं ओळीने पाया पडली. कोर्टाच्या आवारात! हवालदारसुद्धा बघत राहिला. एक जण माझ्याकडे बघून थुंकला. अंगावर नाही, बाजूला. तेवढी शिस्त सरांनीच लावलेली आहे.

मीही त्याच्याच हाताखाली खेळले. लग्नानंतरही त्याला सरच म्हणायचे. मार खातानासुद्धा — 'सर, नका.' आज निकालात त्याचं पूर्ण नाव ऐकलं, 'आरोपी' लावून. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

१२ नोव्हेंबर

चौकात बॅनर लागला. 'सर, आम्ही तुमच्या सोबत.' हाताची घडी, छाती पुढे, आणि खाली वाढदिवसाच्या बॅनरवर असतात तशी तोंडांची रांग. त्यात आमचा दूधवाला!

दूध बंद केलं. उद्यापासून पिशवीचं.

१४ नोव्हेंबर

कंपनीत आज सुपरवायझर चहाच्या वेळी हळूच येऊन म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण टाळी काय एका हाताने वाजत नाही."

मी म्हटलं, "कानफटात एका हाताने वाजते. दाखवू?"

सगळी लाईन हसली. तो गेला. मग मी संडासात जाऊन बसले थोडा वेळ. डाव्या कानात पुन्हा तो आवाज सुरू झाला होता — पडदा फाटला तेव्हापासूनचा. त्याच कानाचा दाखला कोर्टात लागला. लोकांना तो दाखला दिसत नाही. त्यांना दिसतात सरांनी रेल्वेत आणि पोलिसात लावलेली पोरं. लावलीत, मी कुठे नाही म्हणते? पोरांना नोकरीला लावलं म्हणून बायकोचा कान फोडायची सूट मिळते का?

१६ नोव्हेंबर

रविवार. राखीची प्रॅक्टिस बघायला गेले. नको जायला होतं असं आता वाटतंय, पण गेले ते बरंच झालं.

एकाच मैदानावर दोन मॅट. इकडे मुली, पल्लवीच्या हाताखाली. तिकडे मुलं, सरांच्या. त्याच्यापासून वेगळं झाल्यावर राखीला मंडळ सोडायला सांगितलं होतं मी. "मुलींना मॅट दुसरीकडे कुठंय, मम्मी?" म्हणाली. तेही खरंच. सोळा वर्षांची पोर, अकरावीत आहे, पण डोक्यात फक्त कबड्डी. ते वेड माझ्याकडूनच आलंय, तक्रार कुणाकडे करू?

आतापर्यंत ती चढाई करायची, बचावात मधे मोकळी उभी राहायची. दिवाळीनंतर लेफ्ट कॉर्नरवाल्या मुलीचं लग्न ठरलं, ती गेली, आणि पल्लवीने राखीला कॉर्नरला आणलं. माझीच जागा! किती खूश झाले होते मी.

आणि आज काय बघितलं? कॉर्नरवालीने शेजारणीचा हात धरायचा असतो. चढाईवाली आत शिरली की ती साखळी तिच्याभोवती आवळायची. हात सुटला की साखळी नाही, नुसत्या दोन पोरी. शेजारी संजना उभी. सगळ्या जोड्यांचे हात धरलेले आणि माझ्या पोरीचा हात मोकळा! एकदा नाही, प्रत्येक चढाईला. चढाईवाली राखी आणि संजनाच्या मधून मजेत निघून जात होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "कोर्टवालीची पोरगी."

पोरींनी वाळीत टाकलंय तिला. आईने तोंड उघडलं त्याची शिक्षा पोरीला.

१७ नोव्हेंबर

विचारलं तर राखी म्हणते, "तसं काही नाहीये. तू मैदानावर येऊ नकोस."

जेवली नाही नीट. मला काय कळत नाही का?

१९ नोव्हेंबर

पल्लवीला फोन लावला. ही पल्लवी एके काळी माझ्या घरी जेवायची, माझे जुने बूट घालून स्टेट खेळली. म्हटलं, "तुमचं भांडण माझ्याशी आहे ना? पोरीचा हात का धरत नाही?"

"वहिनी, शप्पथ सांगते, पोरी हात देतात. राखीच सोडते. मी दोनदा ओरडले तिला."

चोर तर चोर, वर शिरजोर! शपथेवर खोटं. म्हटलं, "तू सरांकडून आणखी काय काय शिकलीस गं?" आणि ठेवला फोन.

२० नोव्हेंबर

ग्रुपमधून काढलं मला. 'माजी खेळाडू महिला' नावाचा ग्रुप. मीच बनवलेला.

२१ नोव्हेंबर

भाजी घेताना एका खेळाडूची आई शेजारी उभी होती. भाजीवालीला सांगत होती, मला ऐकू जाईल असं — "आमच्यात पण होतं हो, आम्ही नाही नवऱ्याला कोर्टात उभं करत."

माझा उजवा कान चांगला आहे. म्हटलं, "करा की. मी येते सोबत." मेथी तशीच टाकून निघाली. मेथी मी घेतली.

२३ नोव्हेंबर

सहादू अण्णा येऊन गेले. मंडळाचे अध्यक्ष. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, चहाला नाही म्हणाले. म्हणजे काम गंभीर.

"सुवर्णा, पोरी, घरोघरी मातीच्या चुली. अपिलात तू एवढं लिहून दे का आमचं आपसात मिटलं. वकील म्हणतो, सुटतील नायतर शिक्षा तरी लय कमी व्हईल. सरांचं नाव वाचंल, मंडळाचं वाचंल."

मी म्हटलं, आणि माझं?

"तुझ्या पोरीचं बघ ना. तीस तारखेला जिल्ह्याची निवड हाय. कॉर्नरला तिच्याइतकी चपळ दुसरी नाय, आम्हाला काय दिसत नाय का? पण पोरींचं मन फाटलंय. तू लिहून दिलंस का पोरी हात धरतील, मी सांगतो त्यांना."

म्हणजे कबूल केलं! पोरींचे हात कुणाच्या खिशात आहेत ते कळलं.

जाताना दारात थांबून म्हणाले, "आणि सरांनी पोरीला तर कधी बोट नाय ना लावलं? कोर्टात तूच सांगितलंस."

सांगितलं. त्याच्या वकिलाने उलटतपासात विचारलं होतं — मुलीला कधी मारलं का? मी म्हटलं, नाही, कधीच नाही. बाहेर आल्यावर माझी वकीलबाई चिडली. "इतकं ठाम कशाला? मला माहीत नाही म्हणायचं!" का म्हणू? नव्हतं मारलं तर नव्हतं मारलं. मॅटवर मी कधी खोटं अपील केलं नाही, कोर्टात कशाला करू? आणि त्याचाच तर उपयोग झाला! निकालात न्यायाधीशांनी लिहिलंय की ही बाई आरोपीच्या बाजूचंही खरं ते सांगते, म्हणून तिची साक्ष विश्वासार्ह. ते वाक्य मी पाठ केलंय.

२५ नोव्हेंबर

डोकं फिरायची वेळ आलीय. लिहून दिलं तर इतकी वर्षं तारखा खाल्ल्या त्या कशासाठी? पोरं पुन्हा पाया पडतील, बॅनर आणखी मोठा लागेल, 'सत्याचा विजय'. आणि सगळे म्हणतील, बघा, खोटीच होती.

नाही दिलं तर राखी रोज त्या मॅटवर एकटी उभी राहणार. आज अंघोळीला इतका वेळ लावला की मी दार वाजवलं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. "साबण गेला," म्हणाली.

त्या पोरीने काय घोडं मारलंय कुणाचं?

२६ नोव्हेंबर

ठरवलं. देते लिहून. माझं खेळणं लग्नात संपलं, तिचं नको संपायला. कान तर काही परत येत नाही.

वकीलबाईला कळवलं. म्हणाली, "परवा संध्याकाळी या. पण पुन्हा विचार करा, सुवर्णाताई."

राखीला सांगितलं तर खूश होईल असं वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली. "माझ्यासाठी नको करू, मम्मी." म्हटलं, तुझ्यासाठीच करते. "नको ना पण!" आणि उठून आत गेली. हिला नक्की काय पाहिजे? हिच्यापायी मी नाक घासायला निघाले आणि ही माझ्यावरच डाफरते.

२७ नोव्हेंबर

सहादू अण्णा शब्दाला जागले. मी हो म्हटल्याची बातमी कशी पोचली देव जाणे, पण आज संजनाने राखीचा हात धरला. घट्ट! मी कुंपणापाशी उभी होते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या कानाची किंमत मैदानावर वसूल होत होती. मनात म्हटलं, चला, सौदा पक्का.

चढाईवाली आत आली, साखळी वळली, संजनाने ओढ घेतली. आणि राखी किंचाळली. हात सोडवून खालीच बसली.

पलीकडच्या मॅटवरून सर धावत आला. बोट निखळलं तर तोच ओढून बसवतो, सगळ्यांचं, कित्येक वर्षं. माझंही बसवलंय. "बघू," म्हणत हात पुढे केला तर राखीने हात पाठीमागे लपवला. सगळ्या पोरींच्या देखत! तो म्हणाला, "आईने शिकवलेलं दिसतंय." कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी कुंपणातून आत गेले. इतकी वर्षं त्या मॅटला पाय लावला नव्हता, आज चपलांसकट गेले. म्हटलं, "तुम्ही लांब व्हा." तो लांब झाला. लोक बघत होते ना.

घरी आणून मीच डब्यातून चिकटपट्टी काढली. आमच्यात रीतच तशी — बोट ओढायचं, चिकटपट्टी गुंडाळायची, दुसऱ्या दिवशी खेळायला. पण करंगळीला हात लावू देईना. म्हणाली, "ओढू नको, ते तसं बसत नाही." तसं म्हणजे कसं? निवड तीन दिवसांवर आलीय. उद्या सुट्टी टाकते, आधी डॉक्टर, मग संध्याकाळी वकीलबाईकडे सही.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. म्हणाले, कालचा नुसता मुका मार आहे. हे बघा, हे जुनं. करंगळीखालचं हाड मोडून वाकडं जुळलंय, तीन-चार वर्षं तरी झाली असतील. कुणी जोरात हात धरला की दुखणारच. कशाने झालं?

मी म्हटलं, प्रॅक्टिसमध्ये लागलं होतं, तिच्या पप्पांनी पट्टी बांधली होती.

राखी भिंतीकडे बघत म्हणाली, "दारात हात धरून पप्पांनी दार लावलं. तू मनमाडला होतीस, आजीच्या ऑपरेशनला."

रिक्षात बसल्यावर विचारलं, मला का नाही गं सांगितलंस?

"आधी भीती वाटायची. मग सांगणार होते. पण तोपर्यंत तू कोर्टात सांगून आलीस, पोरीला कधीच मारलं नाही म्हणून. मी बोलले असते तर तू खोटी पडली असतीस."