सई घरी किती वाजता येते?

३ ऑक्टो.
स्पेनहून सईचा फोन. दिवाळीला येतेस का? "बघू गं आई." हे तिसऱ्या दिवाळीचं 'बघू'. आमदारसुद्धा दर निवडणुकीला शब्द तरी बदलतात.
मागून सासरे ओरडले, "कवा येती? दौंडला जायाला लागंल न्हवं?" विमान दौंडला थांबत नाही, हे आबांना कितीदा सांगून झालंय.

५ ऑक्टो.
सोलापूरच्या हॉस्टेलवरून सई यायची तेव्हा आबा सकाळीच शिरूरहून एसटीनं दौंडला. गाडी दुपारची. नक्की किती वाजता, विचारलं की राग. "आली म्हंजी आली." नातीसाठी खिशात शेंगदाणे-गूळ, निम्मा फलाटावर स्वतःच संपवायचे. घरात शिरताना दोघं भांडत असायची, जास्त वाट कुणी बघितली यावरून.
घरात आता कुणी भांडतही नाही.

९ ऑक्टो.
ठरलं. सई सांगत नाही तर तिच्या सासूला विचारायचं. विहीणबाईंना स्पॅनिशशिवाय काही येत नाही. मोबाईलवर धडा तिसरा, येण्याच्या वेळा. "आ के ओरा येगा?" म्हणजे किती वाजता येते. कुकरच्या शिट्ट्यांवर घोकलं.
पुढचा धडा जाण्याच्या वेळांचा. आबा म्हणाले, "त्यो नगं शिकू. पाव्हण्याला कवा जानार आसं इचारत्यात व्हय?"
सोडला.

१२ ऑक्टो.
लावला फोन. "आ के ओरा येगा सई?" एका दमात. बाई खूश झाल्या आणि सुटल्या. धडा लिहिणाऱ्यानं प्रश्न शिकवला, उत्तराची सोय नाही केली. दोनच शब्द हाती लागले. कासा. ओचो. घर. आठ.
आबांच्या कानाशी ओरडले, "घरी येते म्हणाल्या! आठला!"
त्यांनी खुंटीवरची टोपी काढून झटकली.

१३ ऑक्टो.
सईचा मेसेज. "सासूबाई जाम खूश. म्हणाल्या, तुझी आई विचारत होती तू घरी किती वाजता येतेस. मी सांगितलं, रोज आठला. काही काम होतं का गं?"
रोज. आठला. घरी.
बाईंचं काही चुकलेलं नाही.
'सहजच' लिहिलं. पुसलं.
आबा ओट्यावरून, "सूनबाई, आठ म्हंजी सकाळचं का सांजचं? आन् तारीक कोन्ची?"
"तारखांचा धडा अजून झाला नाही, आबा."
"मग शिक की बिगीबिगी."