तिने नाव घेतलं नाही

लाडक्या कोलीनला, पोर्ट ऑगस्टाहून थोरल्या बहिणीचे मुके.

तुझी लेक टॅरिन तुरुंगात जाणार नाही. रडायचं ते आता रड.

आपल्या दोघींच्या भावाच्या मातीला गेली म्हणून तिची कोर्टाची तारीख चुकली होती. न्यायाधीश म्हणाले, "मयताचं नाव सांगा." पोरगी मान खाली घालून गप्प. त्यांना वाटलं, थापा मारतेय. सल्ला द्यायला त्यांच्या शेजारी बसलेल्या आपल्या जमातीच्या ज्येष्ठांनी मला बोलायची खूण केली.

"साहेब, गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. मीही घेणार नाही. पण मातीच्या वेळी ती माझ्या शेजारीच उभी होती."

सोडलं. बाहेर येऊन म्हणते, "मोठी आई, पाय लटपटत होते तुझे!" आगाऊ कार्टी.

तिला शुक्रवारच्या बसने पाठवतेय. गुडघा कसा आहे तुझा? तिला रागावू नकोस, ते मी केलंय. शाबासकी मात्र राहिली. ती तू दे.

तुझी,
एडना