मामाच्या गाडीतली कुईं

२ फेब्रुवारी, सकाळ
फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून शिस्त बिघडली आहे. आजपासून रोजची नोंद. एकही दिवस खाडा नाही.

विषय एकच. प्रेमलाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या रूपलचं लग्न वीस तारखेला, एडवणला. नवरीला पालघरच्या पार्लरमधून मांडवात मामाच्या गाडीतून आणायचं, हे मी साखरपुड्यातच सर्वांसमोर जाहीर केलंय. रूपलला मामा एकच. मान माझा.

रूपलने नलूमावशीचे धवले मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलेत. नलूमावशी आमच्याकडची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. तिने गायल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. रूपलची एवढीच इच्छा, की मांडवापर्यंत गाडीत हे वाजलं पाहिजे.

आज लावून पाहिलं. गाडी उभी असताना छान. इंजिन चालू केलं की मावशीच्या मागे कुईं. ॲक्सिलरेटर दाबला की कुईं वर चढते. तिसऱ्या गिअरला मावशी संपते आणि नुसती कुईं उरते.

किरकोळ फॉल्ट. सगळी हयात तारापूर एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. रविवारपर्यंत काढतो.

३ फेब्रुवारी
दीपाली म्हणते, बोईसरला निमेशकडे दाखवा, तो गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. चारशे चाळीस व्होल्टवर काम केलेल्या माणसाने बारा व्होल्टसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, हे तिला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, मग रूपलला चारशे चाळीसवरच बसवा. बायकोला टेक्निकल बॅकग्राउंड नाही.

५ फेब्रुवारी
रविवार होऊन गेला. घाई करायची नाही. रूट कॉज शोधायचं. पद्धत सोपी: गाडीतल्या एकेका वस्तूचं कनेक्शन तोडत जायचं, कुईं थांबली की गुन्हेगार सापडला.
हॉर्न तोडला. कुईं आहे.
वायपर. आहे.
पॉवर विंडो. आहे.
प्रत्येक ठिकाणी टॅग लावला: ‘काम चालू. हात लावू नये.’

रात्री
पॉवर विंडो तोडली तेव्हा माझ्या बाजूची काच खाली होती. ती आता खालीच राहील. हवा खेळती राहते.

७ फेब्रुवारी
दीपालीला बाजारात सोडायचं होतं. मेंटेनन्स चालू असलेल्या गाडीत बसायला वर्क परमिट लागतं. मी तयार करून ठेवलं होतं, फक्त तिची सही हवी होती. ती रिक्षाने गेली. परमिट रीतसर रद्द केलं.

८ फेब्रुवारी
मासवणच्या वळणावर रस्त्यात म्हैस. हॉर्न नाही. खिडकीतून डोकं काढून ओरडलो. काच खाली होती म्हणून जमलं. सिस्टीममध्ये एक गोष्ट दुसरीला सांभाळून घेते, हेच मी ज्युनियर लोकांना सांगत आलो.
म्हैस हलली नाही, पण तो म्हशीचा प्रश्न आहे.

१० फेब्रुवारी
एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकरच्या मागे होतो. टँकरच्या खाली साखळी लोंबते आणि रस्त्याला घासत जाते. टँकरमध्ये साठलेली स्टॅटिक वीज जमिनीत सोडायला. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर होती. घरी येऊन आमच्या फाटकाची साखळी काढली आणि गाडीच्या मागे बांधली.
ट्रायल घेतली. कुईं आता फारशी जाणवत नाही. साखळीचा आवाज बराच मोठा आहे.
बोईसर नाक्यावर एका टँकर ड्रायव्हरने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, “चाचा, इसमें क्या केमिकल भरा है?” मी म्हटलं, म्युझिक. तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा होता.

११ फेब्रुवारी
फाटक रात्रभर उघडं राहिलं. शेजारच्या बकऱ्यांनी दीपालीची सगळी अबोली खाल्ली. साखळी परत फाटकाला. हे घरगुती दबावामुळे झालं, टेक्निकल कारणाने नाही, अशी नोंद असावी.

१२ फेब्रुवारी
प्रेमलाचा फोन. धीरजने, म्हणजे रूपलच्या काकाने, नवी गाडी घेतलीय. मोठी, पांढरी. “दादा, धीरज बोलतो, त्याची गाडी हाय. फुलं पन तोच लावील. तू नुसता आत बस नि ये.”
मी म्हटलं, मामा नुसता बसत नसतो.
फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसताच बसून होतो. लागलं मनाला. रूपल सायकल शिकली ती मी मागे धावलो म्हणून. तेव्हा हा धीरज कुठे होता?

१४ फेब्रुवारी
सापडलं. अल्टरनेटर.
इंजिन चालू झालं की हा फिरतो. हा फिरला की कुईं. आता हा नसेल तर? मागची तार काढली, टेप गुंडाळला, स्टार्टर मारला. कुईं गेली. साफ गेली.
लगेच सातपाटीपर्यंत ट्रायल रन. नलूमावशी दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते तोही ऐकू आला. माझे डोळे भरून आले. बाजारात गाडी हळू केली तर उघड्या खिडकीतून आवाज बाहेर गेला आणि एक मासळीवाली पाटी सावरत म्हणाली, “कुनाचं लगीन हाय, बाबा?”
मी म्हटलं, माझ्या भाचीचं. मीच आणतोय तिला.

१५ फेब्रुवारी
डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागून राहिलाय. दीपाली म्हणते, तो काहीतरी सांगतोय. अल्टरनेटर नाही म्हणून बॅटरी चार्ज होत नाही, एवढंच तो सांगतोय. मला ते आधीच माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट सारखी सांगणाऱ्याचं काय करायचं? दीपालीची एक टिकली घेऊन दिव्यावर चिकटवली.
बॅटरी घरच्या चार्जरवर लावायची. गाडीत बॅटरी काय शोभेला दिलीय?

१९ फेब्रुवारी
अल्टरनेटर सोडून सर्व जोडण्या पूर्ववत. टॅग काढले. खिडकीची काच वर आली. हॉर्न वायपर चालू केल्यावर वाजतो, पण वाजतो. मागच्या काचेला लायटिंगची माळ मी स्वतः लावली. बॅटरी फुल्ल. धीरजने मेसेज केला, गरज लागली तर सांगा. उत्तर दिलं नाही.

२० फेब्रुवारी, सकाळ, पार्लरच्या बाहेर
मुहूर्त दुपारचा. वेळ भरपूर. रूपल बाहेर आली. इतकी सुंदर दिसते की मी दार उघडायचं विसरलो. मेकअपसाठी एसी फुल्ल. माळ चालू. चारी इंडिकेटर चालू. नलूमावशी चालू. रूपल म्हणाली, “मामा, किती क्लिअर आवाज आहे.” दीपाली मागे तिच्या शेजारी बसली आहे. निघतो.

२० फेब्रुवारी, केळवे सोडल्यावर
आधी माळ गेली. मग एसी. मग नलूमावशी ओळीच्या मध्येच थांबली. मग गाडी.

थोड्या वेळाने
खुर्च्या घेऊन जाणारा, मांडववाल्या जितेशचा टेम्पो आला. पुढे दोघींना जागा झाली. मागे खुर्च्यांवर माझ्यापुरती जागा होती.
रूपल म्हणाली, “मामा, राहू दे ती गाडी. तू चल.”
मी म्हटलं, तू हो पुढे. पाच मिनिटांत चालू करून येतो.
ती म्हणाली, “नक्की ये हां.” टेम्पो गेला.

पाच मिनिटांनी
अल्टरनेटरची तार परत जोडली. आता धक्का मारायला माणसं हवीत.

अजून थोड्या वेळाने
दोन पोरांनी धक्का मारला. एक म्हणाला, “काका, लग्नाला का?” मी म्हटलं, नवरीला आणतोय. दोघांनी मागच्या सीटकडे वाकून पाहिलं.
गाडी चालू झाली नाही. वायपर एकदा हलला, हॉर्न वाजला.

मुहूर्ताच्या सुमारास
अजून पाच मिनिटं. दुरून वाजंत्री ऐकू येतेय असं वाटतं, पण वारा समुद्रावरचा आहे, नक्की सांगता येत नाही. गाडी अशी वाऱ्यावर सोडून जाणं शिस्तीत बसत नाही.

२० फेब्रुवारी, रात्र
एका ओळखीच्या मोटरसायकलवर मागे बसून पोचलो तेव्हा शेवटची पंगत चालू होती. प्रेमलाने ताट वाढलं. रूपल आणि जावई पाया पडले. मला कोणी काहीच विचारलं नाही. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. जिलबी ताटातच ठेवून उठलो.

२१ फेब्रुवारी
धीरजने व्हिडिओ पाठवला. हेडफोन लावून पाहिला.
रेकॉर्डिंग उत्तम आहे. नलूमावशी समोर बसून गातेय, प्रत्येक शब्द सुटा. मग भटजींचा आवाज: मुलीचा मामा कुठाय, मामाला बोलवा. दोनदा विचारलंय. मग रूपल म्हणते, “येतोय तो. जरा थांबा ना.”
मग बराच वेळ कोणीच काही बोलत नाही. शेवटी धीरज पुढे येऊन तिच्या मागे उभा राहतो.
तो मधला भाग मी पुन्हा पुन्हा लावून ऐकला. नॉइज कुठेच नाही.