सायकल विकणार नाही

प्रिय मास्तर,

आधी बातमी सांगतो. सायकल विकलेली नाही आणि विकणारही नाही. लेकीने फोनवरून फर्मान काढलं, जावई तर गिऱ्हाईकच घेऊन आला. मी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. तुझी वहिनी माझ्यावर फुगून बसली, पण तेही निवळलं. हा गोंधळ कशावरून झाला ते तुला कुणी धड सांगितलं नसणार, कारण आमच्या घरात कमरेखालचं दुखणं म्हणजे कुजबुजायची गोष्ट. मी मात्र आता मोठ्याने बोलायचं ठरवलंय.

घाटाची ती मोठी फेरी आठवते? तू चित्रकलेचे पेपर तपासत बसलास आणि आला नाहीस, तीच. बरोबरच्या तरण्या पोरांना मागे टाकायच्या नादात मी सीटवरून उठलोच नाही. उतरलो तेव्हा मांड्यांमधला भाग बधिर, जणू दुसऱ्या कुणाचा. पुढे लघवीला जळजळ, धार सुतासारखी, आणि जाऊन आलो की लगेच पुन्हा जावंसं वाटायचं. यावर मी काय अक्कल चालवली? पाणी पिणं कमी केलं. जळजळ आणखीच वाढली. एकदा कोटाचं माप घेता घेता गिऱ्हाईकाच्या गळ्यात टेप तशीच टाकून पळालो. बिचारा हात पसरून उभा!

शेवटी डॉक्टरकडे गेलो, तर त्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी सर्दीचंच सांगत बसलो. त्यांनीच सरळ विचारलं, “काका, धार कशी येते?” मग सगळं ओकून टाकलं. प्रोस्टेटसाठी रक्त तपासायला सांगितलं, आणि आकडा चढलेला आला. झालं! सगळ्यांनी कॅन्सरच धरला. मी अजून जेवत होतो, हिंडत होतो, पण घरातले माझ्याबद्दल भूतकाळात बोलायला लागले. डॉक्टरबाईंनी मात्र विचारलं, “रक्त द्यायला कशाने गेला होतात?” म्हटलं, “सायकलने, आणखी कशाने?” त्यांनी कपाळाला हात लावला. सीटचा दाब नेमका तिथेच पडतो, म्हणाल्या. त्याने आकडा थोडे दिवस वर जाऊ शकतो. शिवाय मला तिथे जंतूंमुळे सूज होती. औषधं दिली, सायकल बंद केली. तेवढे दिवस मी शिलाई मशीनचं पायडल असं हाणत होतो की तुझी वहिनी म्हणाली, “अहो, कुठे पोचायचंय?” पुन्हा तपासलं, तर आकडा उतरलेला. विचारलं, “आता सायकल सोडू?” त्या म्हणाल्या, “सोडा असं मी म्हणाले का? सीट बदला.”

बदलली. मधोमध खाच असलेली, रुंद, सपाट बसवलेली. हॅन्डल उंच केलं. अधूनमधून पायडलवर उभा राहतो, पाणी पितो, आणि लागली की थांबतो. पोरं हसली तर हसू देत. परवा तोच घाट चढलो. सगळ्यांच्या शेवटी पोचलो, पण पोचलो.

आता हे सगळं तुला का लिहितोय ते ऐक. काल तुझी बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानात आल्या होत्या, पडद्यांचं कापड घेऊन. हल्ली तू गुडघा दुखतो म्हणून फेरीला येत नाहीस, म्हणून मी विचारलं, मास्तरांचा गुडघा कसा आहे? त्यांना कळेचना. “कसला गुडघा, भाऊजी? ते तर जिने धडाधड चढतात.” आणि मग मान खाली घालून म्हणाल्या की तू दुपारनंतर पाणी पीत नाहीस, न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ उभा राहतोस, आणि काही विचारलं की खेकसतोस. मास्तर, तुझं कारण माझंच असेल असं नाही. सायकलचा काही संबंधही नसेल. ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि उशीर करण्यासारखी ही जागा नाही. शनिवारी सकाळची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. मी तुला न्यायला येतोय, रिक्षाने. मुकाट्याने खाली उतर. नाही उतरलास तर तुझ्या खिडकीखाली उभा राहून, तुझे सगळे विद्यार्थी ऐकतील अशा आवाजात विचारीन, “मास्तर, धार कशी येते?” मला आता कसलीही लाज उरलेली नाही.

तुझाच हट्टी,
शिंपी