बाबांच्या फोटोला दहापैकी एक

बॉडेट, मिनेसोटा
१२ जानेवारी

चि. लॉवेल,

आशीर्वाद अर्धेच पाठवते आहे. उरलेले अर्धे तुझी वागणूक सुधारली की पाठवीन.

फोन करू नकोस असं बजावून सांगितलं होतं, तरी रविवारी दोनदा वाजवलास. आपण दोघं बोलायला लागलो की हवापाण्याचं संपायच्या आत भांडतो, आणि आवाज चढले की बाबा घाबरतात. कागदावर निदान शिव्या तरी नीट अक्षरात येतात.

बाबांचं विचारलंस. बरं नाही. नाताळपासून अंथरुणाला खिळलेत. मान उचलत नाहीत, कोणाला ओळखत नाहीत, भरवलं तर चार चमचे सूप जातं. फेब्रुवारीत येतो म्हणतोस, तर येऊ नकोस. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला हेच सांगितलं होतं, तेव्हा ऐकलंस, आताही ऐक. एवढ्या लांबून ट्रक हाकत यायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा बघून परत फिरायचं, त्यात ना तुला सुख ना त्यांना.

आता आपल्या फोटोंच्या साइटचं. तूच मला या नादाला लावलंस. बाबांपायी घरात अडकलीच आहेस तर दर आठवड्याच्या स्पर्धेला एखादा फोटो तरी पाठव, म्हणालास. पाठवते. फोटो कोणाचा ते मतदान संपेपर्यंत झाकलेलं असतं, हे मला पटतं. पण एक ते दहा गुण कोणी दिले ते कधीच कळत नाही, हे काही पटत नाही. ‘धुकं’ या विषयाला माझ्या फोटोखाली कोणीतरी लिहून गेलं होतं की क्षितिज कलंडलंय, फोटो काढणाराही कलंडलेला असावा. इतका खवचट माणूस आपल्या घराबाहेर मी अजून पाहिलेला नाही. मी आपली सगळ्यांना सात-आठ देते. कोणाचं काय जातं?

सध्या ‘थंडी’चं मतदान चालू आहे. माझाही फोटो आहे त्यात. कुठला, ते सांगणार नाही.

माया आहे, पण ती गृहीत धरू नकोस.
अर्लिस

*

स्पोकेन, वॉशिंग्टन
२१ जानेवारी

ती. अर्लिसताई,

साष्टांग नमस्कार राहू दे, गुडघ्यापेक्षा मन जास्त आखडलंय. साधा नमस्कार घे.

निकाल लागला. ‘थंडी’त तू पहिली आलीस. खाली कौतुकाचा नुसता पाऊस पडलाय, त्यात माझं नाव शोधत बसू नकोस. तुझ्या फोटोला मी एक दिला. दहापैकी एक. तुला निनावी आवडत नाही ना, म्हणून सहीनिशी कळवतोय.

फोटो वाईट नाही. नुसता वाईट असता तर चार दिले असते. मासे धरायच्या खोपटाबाहेर म्हातारा उभा आहे, भुवयांवर बर्फ, हातात वॉलाय मासा, आणि हसतोय असा की बघणाऱ्यालाही हसू यावं. मतदान करतानाच मी बाबांना ओळखलं. डोकं फिरलं.

नियम काय आहे? फोटो त्याच आठवड्यात काढलेला हवा. आणि तूच लिहितेस की नाताळपासून बाबा अंथरुणाला खिळलेत. जो माणूस मान उचलत नाही तो गोठलेल्या तळ्यावर उभा कसा राहील? म्हणजे फोटो जुना. दोन-तीन हिवाळ्यांपूर्वीचा एखादा उचललास, काळा-पांढरा केलास आणि दिलास ढकलून. मी साइट चालवणाऱ्यांकडे सगळ्यांना दिसेल अशी तक्रार केली आहे. तुझं नाव घालून, माझं नाव घालून.

दुसरी कोण आली ते बघितलंस का? कॅनडातल्या यलोनाइफची एक शाळामास्तरीण. साबणाचा फुगा हवेत गोठताना टिपायला ती बाई बर्फावर पालथी पडली होती. तिचा नंबर तू खाल्लास. आणि लोक तरी काय, सुरकुतलेला आजोबा दिसला की डोळे पुसत दहा गुण. गुण फोटोला द्यायचे असतात, आजोबांना नाही. म्हणून तर नाव झाकतात. समोर कोण आहे ते माहीत नसलं की माणूस भीडभाड न ठेवता खरं बोलतो. हे तुला पाच वर्षं सांगतोय, पण तू सगळ्यांना सात-आठ वाटत सुटतेस, हळदीकुंकवाला वाण वाटावं तसे.

क्षितिजाचं मीच लिहिलं होतं. ते कलंडलेलंच होतं.

या पत्रानंतर तुझा लोभ राहील अशी आशा नाही, तेव्हा तो मागत नाही.
लॉवेल

*

बॉडेट
३० जानेवारी

लॉवेल,

आशीर्वाद संपले. नवे यायचे आहेत.

मोठा न्यायमूर्ती लागून गेलास. फोटो कोणाचा ते तुला कळलं होतं ना? मग मत द्यायचंच नव्हतं. ओळखीच्या माणसाच्या फोटोला गुण देऊ नयेत हाही नियमच आहे. तुझं मन साफ असतं तर गुण न देता पुढे गेला असतास. तू एक दिलास, म्हणजे फोटोला नाही, मला दिलास. आणि वर मलाच शिकवतोस की गुण फोटोला द्यायचे असतात.

आता पुरावा घे. साइटवाल्यांनी मूळ फाइल मागितली, मी त्याच दिवशी पाठवली. तारीख कॅमेऱ्यानेच नोंदवलेली असते, हे तूच मला शिकवलं होतंस. ५ जानेवारी. त्यांनी उलटसुलट तपासली आणि कळवलं की फोटो नियमात बसतो, पहिला नंबर कायम. तेवढ्याने तुझी खात्री पटणार नाही, म्हणून आणखी ऐक. ते खोपट बघ. शेजारच्या नॉर्बर्टने ते या ऑक्टोबरात नवं बांधलंय, त्याचं जुनं खोपट मागच्या वसंतात बर्फाबरोबर तळ्याच्या पोटात गेलं. आणि बाबांच्या डोक्यावरची टोपी बघ. कान झाकणारी ती टोपी तू याच नाताळला पाठवली आहेस. स्वतः पाठवलेली टोपी ओळखता आली नाही, आणि निघालास दुसऱ्यांच्या फोटोंची परीक्षा करायला.

नॉर्बर्ट त्यांना ट्रकमधून तळ्यावर घेऊन गेला. खोपटात बर्फाला पाडलेल्या भोकाशी तासभर गळ टाकून बसले. मासा त्यांनी स्वतः ओढला, कोणाला हात लावू दिला नाही, आणि स्वतःच्या पायांनी चालत खोपटाबाहेर आले. तेव्हा मी तो फोटो काढला. जुना म्हणे. लबाड म्हणे. पाच वर्षांत एका दिवसाचीही लबाडी मी त्या साइटवर केलेली नाही.

तक्रार सगळ्यांना दिसेल अशी केलीस, माफीही तशीच मागायची. ती वाचल्याशिवाय तुझं पत्र मी फोडणार नाही.

तुझी, म्हणजे नात्याने,
अर्लिस

*

स्पोकेन
६ फेब्रुवारी

ती. अर्लिसताई,

नमस्कार. पत्र फोडलंस म्हणजे माफी वाचली असशील. सगळ्यांसमोर मागितली आहे. यलोनाइफच्या बाईंनाही कळवलं की पहिला नंबर न्यायानेच गेला. ओळखीच्या फोटोला मत दिलं ही माझी चूक होती, तेही कबूल करून टाकलं. तू लबाड नाहीस. फोटो खरा, तारीख खरी. साइटचा विषय माझ्याकडून संपला.

आता घरचा विषय.

५ जानेवारीला बाबा माझी टोपी घालून, हातात मासा धरून, स्वतःच्या पायांवर उभे राहून हसत होते. १२ जानेवारीला तू मला लिहिलंस की नाताळपासून ते मान उचलत नाहीत. थँक्सगिव्हिंगलाही असंच काहीतरी लिहून येऊ नकोस म्हणाली होतीस. मी सामान भरून ठेवलं होतं, ते पुन्हा फडताळात लावलं. तुझ्या शब्दावर माझा इतका विश्वास होता, ताई, की डोळ्यांसमोर फोटो असूनही मी फोटोलाच खोटं ठरवलं. माझी बहीण स्पर्धेत लबाडी करेल हे मला पटलं, पण बाबांबद्दल खोटं लिहील हे मनातही आलं नाही. साइटवरच्या अनोळखी माणसांना तू मूळ फाइल त्याच दिवशी पाठवतेस. आणि मला?

दोन वर्षं मी आलो नाही. त्यातलं एक वर्ष माझ्या माथी, ते मी नाकारत नाही. दुसरं तुझ्या माथी.

ते अजून मला ओळखत असताना मला त्यांच्यासमोर बसायचंय. याहून दुसरं काही मागत नाही. २० तारखेला निघतोय. परवानगी विचारत नाही. दार लावून घेतलंस तर अंगणात ट्रक उभा करून बसेन, कॉफी नॉर्बर्ट देईल.

लोभाचं नंतर बघू.
लॉवेल

*

बॉडेट
१२ फेब्रुवारी

लॉवेल,

दार लावणार नाही. ये. पण येण्याआधी हे वाच, म्हणजे उंबऱ्यात उभं राहून माझ्यावर ओरडायची वेळ येणार नाही.

त्यांचे चांगले दिवस असतात. महिन्यातून दोन-तीन. मी तुला फक्त वाईट दिवस कळवत गेले. तो फोटो बघून तू जुना समजशील असं धरून चालले होते, आणि तसाच समजलास. गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण तू मला लबाड म्हणालास आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. रागाच्या भरात तुला काय काय सांगून बसले, ते तुझं पत्र आल्यावर लक्षात आलं.

का लपवलं, ते आता सांगते. ऑक्टोबरात एकदा मी त्यांना आंघोळ घालत होते, तर म्हणाले, लॉवेल, पाणी गार आहे रे. मी म्हटलं, बाबा, मी अर्लिस. ते इतके गोंधळले की रडायला लागले. त्यांना तपासायला येणारी नर्स म्हणाली, दुरुस्त करत जाऊ नका, त्यांना जे वाटतं ते वाटू दे. तेव्हापासून मी लॉवेल आहे. सकाळी उठवते तो लॉवेल, चड्डी बदलते तो लॉवेल, सूप भरवते तो लॉवेल. नऊ वर्षं या घरात मी हाडं झिजवली आणि नाव तुझं झालं.

तळ्यावर मी कॅमेरा वर केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की काढ एकदाचा, लॉवेल, मासा गोठून चालला. आणि हसले. माझ्याकडे बघून ते आयुष्यात कधी तसे हसले नव्हते. खाली लोकांनी लिहिलंय की फोटो काढणारा आणि फोटोतला माणूस यांच्यातली माया अगदी दिसते. ते प्रत्येक वाक्य मी वाचलं. प्रत्येक वाक्य तुझ्याबद्दल होतं.

तू आलास आणि त्यांनी तुला ओळखलं, तर मी या घरात कोण उरणार, ही एक भीती. आणि ओळखलं नाही तर तुझं काय होईल, ही दुसरी. दुसरी भीती खरी होती असं लिहिलं तर मी चांगली दिसेन. पण आधी पहिलीच वाटली होती.

तू दारात उभा राहशील तेव्हा ते तुला ओळखणार नाहीत असं मला वाटतं. लॉवेल त्यांच्या घरातच आहे. तयारीने ये.

वरची खोली गरम करून ठेवते. यापुढे लोभ करायचा की नाही ते तू ठरव.
अर्लिस

*

स्पोकेन
४ मार्च

ती. अर्लिसताई,

नमस्कार. घरी पोचलो. माँटानात रस्ता बंद होता म्हणून एक दिवस जास्त लागला, ट्रकने मात्र दगा दिला नाही.

हे पत्र म्हणजे तह समजू नकोस. तू खोटं लिहिलंस ते मी विसरलेलो नाही. तिथे असताना आपण भांड्यांवरून, औषधांच्या वेळांवरून आणि बाबांच्या खिडकीतला उजेड फोटोला चालेल की नाही यावरून भांडलो, तेही विसरलेलो नाही. उजेड चालत नाही, मी म्हणतो तेच बरोबर आहे. पण एक गोष्ट तिथे तुझ्यासमोर बोलवली नाही, ती लिहितो.

शुक्रवारी तू औषधं आणायला गेलीस. आम्हाला दोघांनाच ठेवायला मुद्दाम गेलीस, ते मला कळलं. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, चांगला दिवस होता. त्यांनी मला नीट निरखून बघितलं. मग त्यांनी विचारलं की हीटरचं काय झालं, नुसता खडखडतोय. मी म्हटलं, बघतो. तळघरात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि वर येऊन सांगितलं की झालं काम. खूश झाले. बस म्हणाले, कॉफी घे, तूच ओत.

मग आपणहून सांगायला लागले. मुलगा जवळच असतो, लॉवेल. तोंडाने फटकळ आहे, सूप गार झालं की माझ्यावरच ओरडतो, पण पांघरूण सरकलं की उठून येतो. असा मुलगा कोणाला मिळत नाही, म्हणाले. एक मुलगीही आहे, अर्लिस. तिकडे पश्चिमेला असते. वस्तू पाठवते, स्वतः येत नाही.

मी विचारलं की तिचा राग येतो का. विचारायला नको होतं. म्हणाले की राग नाही. आधी अंगणात गाडीचा आवाज आला की खिडकीशी जायचो, आता जात नाही. तू हीटर दुरुस्त करायला गिऱ्हाइकांकडे लांब लांब जातोस ना, तर कधी ती भेटली तर सांग की मी वाट बघायचं सोडलंय. तिने उगाच जिवाला लावून घेऊ नये.

नावं झाकली होती, ताई. माझंही आणि तुझंही. खरं कोणाबद्दल बोलले ते आपल्याला कळतंय.

मी म्हटलं, सांगतो.

एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत, परत येतोय. लोभ असावा असं लिहीत नाही, येतो एवढंच लिहितो. कोण आलंय म्हणून त्यांनी विचारलं तर सांग, हीटरवाला आलाय.

तुझा,
लॉवेल