गोधडीत शिवलेल्या नोटा

आये, तू गेलीस त्याला तीसच्या वर पावसाळे झाले, आणि मी आता तुझ्याहून म्हातारी आहे. तरी एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती सालं. जयगडच्या खाडीकाठचं कोणी परदेशी निघालं की त्याचे पैसे गोधडीत शिवून द्यायचे ते तूच. पेटीला चोर असतो, कनवटीला पाकीटमार असतो, माणसाच्या अंथरुणाला कोण हात लावतो, हे तुझं ठरलेलं बोलणं. मी आफ्रिकेला, मोंबासाला निघाले तेव्हा पडवीत बसून तू एकेका ठिगळाखाली एकेक नोट घातलीस, वर दुहेरी टाका. तेवढी रक्कम बंदरात उतरताना गोऱ्या साहेबाला हातात दाखवावी लागे, नाहीतर आलेल्या बोटीनेच माघारी. माझा नवरा आत, बंदरापासून आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर. तो काही धावून येणार नव्हता. तू बजावलंस, "कोणाला सांगू नको. घोवालासुद्धा नको."

मीही नाही सांगितलं, नवऱ्यालाही नाही. पण किनारा दिसायला लागला त्या सकाळी डेकवरच्या एका पोराला देवी निघाल्या, आणि खलाशी सांगत आले की रोग मारायला सगळ्यांची अंथरुणं वाफेच्या भट्टीत जायची आहेत. मी गोधडी उराशी धरून बसले आहे. उकळत्या पेजेवर कागद धरला तर त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. कात्री नाही. दातांनी टाका तोडू बघते, तर तुझा टाका म्हणजे होडीची दोरी. शेजारी राजापूरची एक वयस्क मुसलमान बाई, सगळे तिला खाला म्हणत. ती सारखी माझ्या गोधडीकडे बघते म्हणून आठ दिवस मी तिच्याकडे पाठ करून निजलेली. तिने सुपारीचा अडकित्ता माझ्यापुढे धरला.

"अगो, लाजतेस कसली? तू कूस बदललीस की गोधडी कुरकुरते तुझी, आठ दिवस ऐकतेय. फाड लवकर. सगळ्यांच्याच आया शहाण्या."

आणि तिने आपली उशी उसवायला घेतली. आपलं झाल्यावर ती माझ्या गोधडीला लागली. खलाशी तीन बिछाने पलीकडे, मग दोन, मग त्याने गोधडी ओढलीच, माझं बोट टाक्यात अडकलेलं असताना. तीन ठिगळं तशीच राहिली. उतरायच्या रांगेत माझ्या हातातली रक्कम कमी भरली. पुढचा गोरा साहेब शिक्का उचलून थांबलेला, आणि खालाने मागून माझ्या मुठीत आपल्या नोटा कोंबल्या. म्हणाली, पोराचं दुकान बंदरावरच आहे, तो मला उतरवून घेईल, तू सवडीनं आणून दे. मी उतरले. गोधडी परत मिळाली तेव्हा त्या तीन ठिगळांत नुसता लगदा होता.

नवऱ्याकडून नुकती अक्षरं शिकत होते. माझ्या हाताने तुला लिहिलेलं ते पहिलं पत्र: गोधडी वाफेतून निघाली, तरी टाका न् टाका, नोट न् नोट शाबूत. तुझा मान राहावा, एवढंच मनात होतं. तू ते सगळ्या वाडीला वाचून दाखवायला लावलंस म्हणे. पुढच्या साली वाडीतली एक सून निघाली, तिचीही गोधडी तूच शिवलीस. तिच्याही बोटीवर आजार निघाला, अंथरुणं मागितली, आणि तिने ती निमूट देऊन टाकली, कारण माझं पत्र तिने कानांनी ऐकलं होतं. ती आल्या बोटीनेच परत आली. पैसे वाफेत गेले असं ती रडून सांगत होती, तेव्हा तू चारचौघींत म्हणालीस, "माझ्या लेकीचे बरे पोचले? हिनेच वाटेत उडवले." सासरी तिला पुढे कधी कोणी चार आणे हातात दिले नाहीत. हे मला तिकडे कळलं. मी दौत काढली, तुला लिहायला बसले, आणि इकडे सगळं बरं आहे एवढंच लिहिलं.

ती खरं बोलत होती, आये. हे तुला सांगणं सोपं आहे. ती अजून आहे, मी गावी परतले त्या या घरापासून चार घरं सोडून राहते, आणि तिच्या अंगणात जायला माझा अजून पाय उचलत नाही.